सशुल्क उपग्रह रेडिओ

सशुल्क उपग्रह रेडिओ ही कृत्रिम उपग्रहाद्वारे ध्वनिकार्यक्रम थेट श्रोत्याच्या संचापर्यंत पोहोचवणारी आणि त्यासाठी मासिक किंवा वार्षिक वर्गणी आकारणारी नभोवाणी सेवा आहे. अमेरिकेतील सिरियस एक्सएम ही या प्रकारची सर्वांत मोठी सेवा असून भारतात वर्ल्डस्पेस या कंपनीने २०००च्या दशकात अशी सेवा चालवली. एरवी विनामूल्य मिळणाऱ्या रेडिओसाठी पैसे मोजणे कितपत योग्य आहे, हा प्रश्न या माध्यमाच्या आरंभापासून चर्चेत आहे. एकच तंत्रज्ञान एका देशात टिकले आणि दुसऱ्या देशात बंद पडले. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर तंत्रज्ञानाइतकेच श्रोत्याच्या परिस्थितीवर आणि सेवा देणाऱ्या कंपनीच्या आर्थिक बळावर अवलंबून असल्याचे दिसते.

पार्श्वभूमी

रेडिओ ऐकण्यासाठी पैसे भरण्याची कल्पना भारताला नवी नाही. रेडिओ संच बाळगण्यासाठी पूर्वी टपाल कार्यालयात परवाना शुल्क भरावे लागे. ही पद्धत १९८०च्या दशकात रद्द झाली. त्यानंतर आकाशवाणीचा खर्च सरकारी अनुदान व जाहिराती यांतून, तर खासगी एफएम केंद्रांचा खर्च प्रामुख्याने जाहिरातींतून भागू लागला. जाहिरातींवर चालणारे केंद्र अधिकाधिक श्रोत्यांना रुचेल असेच कार्यक्रम निवडते. शास्त्रीय संगीत, जॅझ किंवा परदेशी बातम्या यांसारख्या मर्यादित श्रोतृवर्गाच्या विषयांना तेथे थोडीच जागा मिळते. ही उणीव भरून काढणे हा उपग्रह रेडिओच्या वर्गणीमागील मुख्य युक्तिवाद होता.

कार्यपद्धती

भूकेंद्रातून उपग्रहाकडे पाठवलेले अंकीय संकेत उपग्रह पृथ्वीच्या विस्तृत भागावर परत प्रक्षेपित करतो. वर्ल्डस्पेसचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किमी उंचीवरील भूस्थिर कक्षेत होते. प्रक्षेपण सांकेतिक स्वरूपात केल्यास वर्गणी भरलेल्या संचालाच ते उलगडता येते.

या संकेतांना उपग्रह आणि अँटेना यांच्यामध्ये मोकळे आकाश लागते. इमारती, डोंगर किंवा भिंती आड आल्यास आवाज खंडित होतो. अमेरिकेतील कंपन्यांनी यावर उपाय म्हणून मोठ्या शहरांत जमिनीवर पुनर्प्रक्षेपक उभारले, त्यामुळे चालत्या मोटारीतही सेवा सलग ऐकता आली. भारतात वर्ल्डस्पेसच्या ग्राहकाला मात्र अँटेना आशियास्टार उपग्रहाच्या दिशेने स्थिर ठेवावा लागे. हा उपग्रह १०५ अंश पूर्व रेखांशावर असल्याने महाराष्ट्रातून त्याची दिशा साधारण पूर्व-आग्नेय येते. त्या बाजूला खिडकी, सज्जा किंवा गच्ची नसलेल्या घरात सेवा मिळणे अवघड होते.

अर्थकारण

उपग्रह तयार करणे व सोडणे यांवर आरंभीच प्रचंड खर्च होतो. श्रोते कितीही वाढले, तरी प्रक्षेपणाचा खर्च जवळपास तेवढाच राहतो. म्हणून ग्राहकसंख्या एका मर्यादेपलीकडे गेल्यास ही सेवा किफायतशीर ठरते आणि त्याखाली राहिल्यास तोटा वाढत जातो. ग्राहकाच्या बाजूने पाहता वर्गणीखेरीज विशिष्ट संचही विकत घ्यावा लागतो आणि तो संच सहसा त्याच एका कंपनीच्या सेवेपुरता उपयोगी असतो.

अमेरिकेतील अनुभव

एक्सएम सॅटेलाइट रेडिओची सेवा सप्टेंबर २००१ मध्ये, तर सिरियसची २००२ मध्ये सुरू झाली. एक्सएमची आरंभीची मासिक वर्गणी ९.९९ डॉलर होती. सिरियसची वर्गणी १२.९५ डॉलर, म्हणजे वर्षाला सुमारे १५५ डॉलर होती. संगीताच्या जाहिरातमुक्त वाहिन्या, खेळांचे थेट समालोचन आणि गप्पांचे कार्यक्रम हे या सेवांचे आकर्षण होते. प्रसिद्ध निवेदक हॉवर्ड स्टर्न जानेवारी २००६ पासून सिरियसवर येऊ लागला.

या सेवांचा खरा आधार मोटार ठरली. लांब अंतराच्या प्रवासात एफएम केंद्राचा आवाज शहर मागे पडताच विरत जातो, तर उपग्रह वाहिनी देशभर तीच राहते. मोटार उत्पादकांनी कारखान्यातच संच बसवून दिल्याने ग्राहकाला वेगळी खरेदी करावी लागली नाही. काही काळ विनामूल्य ऐकल्यानंतर वर्गणी भरायची की नाही, एवढेच त्याला ठरवायचे होते.

तरीही दोन्ही कंपन्या दीर्घकाळ तोट्यात होत्या. जुलै २००८ मध्ये त्यांचे विलीनीकरण झाले. फेब्रुवारी २००९ मध्ये लिबर्टी मीडियाने ५३ कोटी डॉलरचे कर्ज देऊ केल्यामुळे विलीन कंपनीची दिवाळखोरी टळली. पुढे तिची ग्राहकसंख्या ३ कोटींच्या वर गेली.

भारतातील अनुभव

वर्ल्डस्पेसची स्थापना इथिओपियात जन्मलेले नोआ समारा यांनी १९९० मध्ये केली. माहितीच्या साधनांपासून वंचित असलेल्या आफ्रिका व आशियातील लोकांपर्यंत रेडिओ पोहोचवणे हा तिचा मूळ उद्देश होता. कंपनीचा आफ्रिस्टार उपग्रह ऑक्टोबर १९९८ मध्ये आणि आशियास्टार मार्च २००० मध्ये सोडण्यात आला. कालांतराने भारत ही तिची मुख्य बाजारपेठ बनली आणि तिचे बहुसंख्य वर्गणीदार भारतातच होते.

भारतात खासगी एफएम केंद्रे २००१ पासून सुरू झाली. त्यांच्यावर प्रामुख्याने चित्रपटसंगीत वाजत असे आणि स्वतःच्या बातम्या देण्यास त्यांना मनाई होती. वर्ल्डस्पेसवर हिंदुस्थानी संगीतासाठी ‘गंधर्व’ व कर्नाटक संगीतासाठी ‘श्रुती’ या स्वतंत्र वाहिन्या होत्या. भारतीय भाषांतील गाणी, पाश्चात्त्य संगीत आणि आंतरराष्ट्रीय वृत्तवाहिन्याही मिळत असत. दिवसाचे चोवीस तास रागसंगीत ऐकू इच्छिणाऱ्या रसिकाला त्या काळी रेडिओवर याला तोडीस तोड पर्याय जवळपास नव्हता.

ऑक्टोबर २००८ मध्ये मूळ कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीसाठी अर्ज केला. संभाव्य खरेदीदाराने भारतातील वर्गणीदारांचा व्यवसाय घेण्याचे नाकारल्यानंतर ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातील सेवा बंद झाली. उपग्रह तांत्रिकदृष्ट्या कार्यरत असूनही ग्राहकांचे संच निरुपयोगी ठरले. आगाऊ भरलेल्या वर्गणीचा उरलेला काळही वाया गेला.

मूल्यमापन

वर्गणीच्या बदल्यात श्रोत्याला प्रामुख्याने तीन गोष्टी मिळतात: जाहिरातींपासून सुटका, आवडीच्या विषयाला वाहिलेली वाहिनी आणि प्रवासात न तुटणारे प्रक्षेपण. रोज बराच वेळ मोटारीत घालवणाऱ्या किंवा मोबाइल जाळे विरळ असलेल्या प्रदेशातून प्रवास करणाऱ्या व्यक्तीला तिसऱ्या गोष्टीचे मोल अधिक असते. घरी बसून ऐकणाऱ्याला पहिल्या दोन गोष्टी आता इंटरनेटवरूनही मिळतात.

दुसऱ्या बाजूला, वर्गणीदाराकडे ध्वनिमुद्रिकेसारखी कायमची मालकी येत नाही. वर्गणी थांबली किंवा कंपनी बुडाली, की ऐकणे थांबते. दीर्घ मुदतीची वर्गणी आगाऊ भरल्यास दर सहसा कमी पडतो, परंतु कंपनीच्या अपयशाची जोखीम ग्राहकावर येते. दिवाळखोरीच्या प्रक्रियेत तो इतर धनकोंच्या रांगेत उभा राहतो. वर्ल्डस्पेसच्या उदाहरणात कार्यक्रमांचा दर्जा आणि सेवेचे स्थैर्य या दोन वेगळ्या बाबी असल्याचे स्पष्ट होते.

सद्यस्थिती

भारतातील ज्या उणिवेवर वर्ल्डस्पेसची सेवा उभी होती, ती पुढे बऱ्याच अंशी अन्य मार्गांनी भरून निघाली. आकाशवाणीने २६ जानेवारी २०१६ रोजी शास्त्रीय संगीताची ‘रागम’ ही चोवीस तास चालणारी वाहिनी सुरू केली. ती इंटरनेटवरूनही ऐकता येते. २०१६ नंतर मोबाइल इंटरनेट स्वस्त झाल्याने संगीतसेवांचा प्रसारही वाढला. अमेरिकेत सिरियस एक्सएम उपग्रहासोबत इंटरनेटद्वारेही आपल्या वाहिन्या पुरवते.

हेही पाहा

आकाशवाणी
विविध भारती
कृत्रिम उपग्रह
एफएम प्रक्षेपण