नौका धक्क्यास लावणे
लहान क्रीडानौका मरीनातील ठरलेल्या जागी सावकाश नेऊन दोरांनी बांधण्याची क्रिया. मरीना म्हणजे अशा नौकांसाठी बांधलेले, बहुधा तरंगत्या धक्क्यांचे छोटे बंदर. भारतात कोची येथील बोळगट्टी बेटावर व इंग्लंडमध्ये हॅम्बल नदीत मरीना आहेत.

नौकेला मोटारीसारखा गतिरोधक नसतो आणि वळताना तिची पिछाडी बाहेरच्या बाजूस सरकते, हे नवशिक्याने प्रथम ध्यानात घ्यावयाचे असते. सुकाणूवरून पाणी वाहत असेपर्यंतच ते काम देते. वेग फार कमी झाल्यास वारा नौकेस भलतीकडे नेतो. म्हणून वारा व भरती-ओहोटीचा प्रवाह यांपैकी जो प्रबळ असेल, त्यास सामोरे जाऊन नौका धक्क्याकडे आणतात. पुढे जाताना उजवीकडे फिरणारा मळसूत्री पंखा उलट फिरविल्यास पिछाडी डावीकडे ओढली जाते. अशी नौका सु. २०° ते ३०° कोनात आणून डाव्या बाजूने धक्क्यास लावणे सोयीचे असते.

फेंडर व दोर आधीच जागच्या जागी बांधून ठेवतात. नौकेच्या मध्यभागातून मागच्या खुंटाकडे नेलेला दोर प्रथम अडकविल्यास तिची पुढची गती थांबते. नंतर नाळेचा व पिछाडीचा दोर बांधतात. सैल दोर पाण्यात पडल्यास पंख्यात गुंततो. कित्येक टनांची नौका हातापायांनी अडविता येत नाही. तसे करू जाता हाड चिरडते. नौका नीट येत नसल्यास वेळीच मागे घेऊन पुन्हा आणणे, हेच कौशल्याचे लक्षण होय.