विश्लेषण : बँड कॉलेजातच का जन्मतात? अमेरिकी पंक, मुंबईचे रंगभवन आणि रोहा-वरसेची बेंजो पार्टी

ऑगस्ट उजाडला की रायगड जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत युवा महोत्सवाच्या तालमी सुरू होतात. त्याच सुमारास गावागावांत गणपतीच्या सुपाऱ्या घेतलेल्या बेंजो पार्ट्याही सरावाला लागतात. रोहा आणि त्याला लागून असलेले वरसे याला अपवाद नाहीत. दोन्हीकडे मुले बहुतेक एकाच वयाची असतात, पुष्कळदा तीच असतात. तरीही यातला एखादा चमू स्वतःची गाणी रचणारा, दहा वर्षे टिकणारा बँड होतो, असे क्वचितच घडते. अमेरिकेत पंक आणि त्याच्या आसपासच्या संगीतातले अनेक नामवंत बँड विद्यार्थ्यांनी उभे केले. मुंबईतही काही काळ तसे वातावरण होते. ते कशामुळे तयार झाले आणि का विरले, याचा हा आढावा.

पंक म्हणजे नेमके काय?

१९७० च्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्कमध्ये हा प्रकार आकाराला आला. त्या वेळचे रॉक संगीत महागडी वाद्ये, लांबलचक गिटारवादन आणि मोठमोठ्या स्टेडियममधल्या कार्यक्रमांत अडकले होते. पंकने ते सगळे बाजूला सारले. तीन-चार कॉर्ड, वेगवान ताल, दोन-अडीच मिनिटांचे गाणे आणि रोजच्या बोलीतले शब्द एवढ्यावर काम भागू लागले. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या ‘रमोन्स’ या बँडच्या १९७६ मधील पहिल्या अल्बममध्ये १४ गाणी आहेत आणि ती सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत संपतात. याच सुमारास लंडनमध्ये ‘सेक्स पिस्टल्स’ गाजू लागला.

पंकची खरी देणगी मात्र आवाजापेक्षा कार्यपद्धतीची. कुणी मोठी कंपनी बोलावील याची वाट न पाहता स्वतः रेकॉर्ड काढायची, स्वतः पोस्टर चिकटवायचे, मिळेल त्या गाडीत वाद्ये घालून पुढच्या गावी जायचे. ‘ब्लॅक फ्लॅग’चा गिटारवादक ग्रेग गिन याने १९७८ मध्ये ‘एसएसटी’ ही स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली आणि पुढे इतर अनेक बँडनाही तिने आधार दिला.

कॉलेजचा संबंध कुठे येतो?

‘टॉकिंग हेड्स’चे डेव्हिड बर्न, ख्रिस फ्रान्झ आणि टीना वेमथ हे ऱ्होड आयलंडमधल्या कला महाविद्यालयाचे विद्यार्थी. तिथे जमलेली मैत्री घेऊन ते न्यूयॉर्कला आले आणि १९७५ मध्ये ‘सीबीजीबी’ या छोट्या क्लबात त्यांनी रमोन्सच्या आधी वाजवले. १९७९ मध्ये मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल शहरात ‘हुस्कर डू’ हा पंक बँड सुरू झाला, तेव्हा त्याचा गायक-गिटारवादक बॉब मोल्ड तिथल्या मॅकलेस्टर कॉलेजात शिकत होता. ग्रँट हार्ट आणि ग्रेग नॉर्टन हे त्याचे साथीदार. पाच वर्षांत या तिघांनी ‘झेन आर्केड’ हा दुहेरी अल्बम काढला. १९८८ मध्ये बँड फुटला, पण नंतरच्या अमेरिकी रॉकवर त्याची छाप राहिली. जॉर्जिया विद्यापीठाच्या अथेन्स गावातून १९८० मध्ये ‘आर.ई.एम.’ पुढे आला.

ही उदाहरणे पाहिली, तर कॉलेज बँडला तीन गोष्टी जवळजवळ फुकट देते असे दिसते. पहिली, मोकळा वेळ. दुसरी, जागा : वसतिगृहाची खोली, सभागृह, तळघर. तिसरी, श्रोता : चुकले तरी टाळ्या वाजवणारे आणि हक्काने हुर्यो करणारे शंभर-दोनशे मित्र. अमेरिकेत चौथी गोष्टही होती, ती म्हणजे विद्यार्थ्यांनी चालवलेली कॉलेज रेडिओ केंद्रे. जाहिरातींवर अवलंबून नसल्यामुळे ही केंद्रे अनोळखी बँडची गाणी बिनधास्त लावत. त्यामुळे एका गावचा बँड दुसऱ्या गावी पोहोचण्याआधी त्याचे गाणे तिथे पोहोचलेले असे.

शिक्षण की संगीत, हा प्रश्न त्यांना पडला नाही का?

पडला, आणि तो एका अल्बमच्या नावातच आला. कॅलिफोर्नियाच्या ‘डिसेंडंट्स’ या पंक बँडचा गायक मायलो ऑकरमन याने पुढील शिक्षणासाठी बँड सोडायचे ठरवले. म्हणून १९८२ च्या त्यांच्या अल्बमचे नाव ठेवले गेले ‘मायलो गोज टू कॉलेज’. ऑकरमनने जीवशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, अनेक वर्षे संशोधक म्हणून नोकरी केली, मधूनमधून बँडकडे परतला आणि २०१६ मध्ये नोकरीबाहेर पडून पूर्णवेळ गाऊ लागला. ‘आधी डिग्री हातात घे, मग काय वाजवायचे ते वाजव’ हे वाक्य मराठी घरांत नेहमी ऐकू येते. ऑकरमनने दोन्ही केले. साथीदार वाजवत राहिले आणि परतायला बँड शिल्लक होता, म्हणून ते जमले.

मुंबईत हे कधी सुरू झाले?

पवईच्या आयआयटीत ‘मूड इंडिगो’ १९७१ पासून भरतो. धोबीतलावच्या सेंट झेवियर्स कॉलेजात ‘मल्हार’ १९७९ मध्ये सुरू झाला. अशा महोत्सवांतल्या बँड स्पर्धांनी नवख्यांना पहिला मंच दिला. झेवियर्सच्या शेजारीच रंगभवन हे खुले नाट्यगृह आहे. तिथे नाटके झाली, १९७८ पासून ‘जॅझ यात्रा’ झाली आणि पुढे रॉकचे कार्यक्रमही होऊ लागले. फरहाद वाडिया यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या ‘इंडिपेंडन्स रॉक’ या वार्षिक महोत्सवाची ओळख रंगभवनाशीच जोडली गेली. कॉलेजच्या सभागृहात शंभर जणांसमोर वाजवणाऱ्या मुलाला पुढची पायरी भिंतीपलीकडेच दिसत होती.

याच काळात, १९८४ मध्ये मुंबईत ‘रॉक मशीन’ हा बँड उभा राहिला. गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर, बासवादक मार्क सेल्विन, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया अशी नावे त्याच्याशी जोडली गेली. त्या काळी श्रोत्यांना परदेशी बँडचीच गाणी हवी असत. स्वतःचे गाणे सुरू केले की ओळखीच्या गाण्याची फर्माईश होई. तरीही १९८८ मध्ये रॉक मशीनने ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा स्वतःच्या रचनांचा अल्बम काढला आणि १९९० मध्ये ‘द सेकंड कमिंग’. त्यांचे संगीत पंकपेक्षा हार्ड रॉकच्या जवळचे. पण दुसऱ्याची गाणी वाजवणे सोडून आपले म्हणणे मांडायचे, हा हट्ट पंकवाल्यांच्या जातकुळीचा होता.

त्यांचे पुढे काय झाले?

१९९३ मध्ये बँडने नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केले. संगीतात भारतीय वाद्ये आणि सूर येऊ लागले होते, त्याला जुने नाव पुरेना. ‘प्रिटी चाइल्ड’ या त्यांच्या गाण्याच्या व्हिडीओला एमटीव्हीच्या आशियातील प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. पण उपग्रह वाहिन्यांनी उघडलेले दार लवकरच हिंदी पॉप आणि चित्रपटसंगीताने भरून गेले. १९९७ मध्ये बँड थांबला. २०१० मध्ये तो पुन्हा जमला आणि २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम आला.

१९९० च्या दशकातच मुंबईत ‘पेंटाग्राम’ उभा राहिला. त्याचा गायक विशाल ददलानी पुढे हिंदी चित्रपटांचा संगीतकार झाला, पण बँडही चालू ठेवला. ‘रायट पेडलर्स’सारखे थेट पंक वाजवणारे बँडही शहराने नंतर पाहिले. म्हणजे वाजवणारे संपले नाहीत, पण त्यांच्या पायाखालची पायरी सरकली.

रंगभवनातले रॉक का थांबले?

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रुग्णालये, शैक्षणिक संस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. अशा क्षेत्रात आवाजाची मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल आहे. रंगभवनाच्या एका अंगाला कॉलेज आणि जवळच कामा रुग्णालय. त्यामुळे ध्वनिवर्धकावरचे कार्यक्रम तिथे अशक्य झाले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतील निर्बंध अधोरेखित केले.

रुग्णाला शांतता मिळालीच पाहिजे, याबद्दल दुमत असू नये. प्रश्न पर्यायाचा होता. रंगभवनाऐवजी तेवढीच स्वस्त, तेवढीच मध्यवर्ती दुसरी जागा उभी राहिली नाही. २००७ मध्ये लोअर परळच्या गिरणी आवारात ‘ब्लू फ्रॉग’ सुरू झाला आणि २०१६ मध्ये मुंबईत बंद झाला. २०१० पासून पुण्यात ‘एनएच७ वीकेंडर’सारखे मोठे महोत्सव आले. पण क्लबात जायला खिसा भरलेला लागतो आणि मोठ्या महोत्सवात वाजवायला आधी नाव झालेले असावे लागते. कॉलेज आणि मोठा मंच यांच्यामधली पायरी तेवढी गेली.

रेडिओचीही तीच गत. भारतात शैक्षणिक संस्थांना सामुदायिक रेडिओ केंद्र चालवण्याची मुभा २००२ च्या धोरणाने मिळाली. अमेरिकी कॉलेज रेडिओने जे १९८० च्या दशकात केले, त्याची संधी इथे वीस वर्षे उशिरा आली. तोवर रॉक मशीनची पिढी थकून गेली होती.

याचा रोहा-वरसेशी काय संबंध?

रोहा हे कोकण रेल्वेचे आरंभस्थान. इथून दिव्याकडे जाणाऱ्या गाड्या मोजक्याच. मुंबईत संध्याकाळी कार्यक्रम करून, वाद्ये सांभाळत त्याच रात्री घरी परतणे इथल्या विद्यार्थ्याला अवघड. मुंबईचा मंच गेला म्हणून त्याचे फारसे बिघडले नाही, कारण तो मंच त्याच्या आवाक्यात नव्हताच.

पण त्याच्या गावात दुसरी शाळा आहे : बेंजो पार्टी. कोकणात बेंजो म्हणतात ते वाद्य म्हणजे बुलबुल तरंग. टाइपरायटरसारख्या कळा दाबून तारा छेडायच्या. १९१२ मध्ये जपानमध्ये तयार झालेल्या ‘ताइशोगोतो’ या वाद्याचा हा वंशज. त्याला पिकअप लावून आवाज वाढवला, जोडीला कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, ताशा आणि ड्रम घेतले, सगळे टेम्पोवर चढवले की पार्टी तयार. मुले एकमेकांचे पाहून शिकतात, पैसे जमवून किंवा उसने घेऊन वाद्ये आणतात, हिशेब आपसात ठेवतात. सुपारी घेणे, गाडी ठरवणे, स्पीकर दुरुस्त करणे हे सगळे तेच करतात. पंकवाल्यांनी ज्या स्वावलंबनाचे तत्त्वज्ञान केले, ते इथे गरजेपोटी रोज चालते. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट याच वादकांवर काढला होता.

फरक एकच, पण मोठा. बेंजो पार्टीला मागणी असते ती लोकांच्या ओठांवरच्या गाण्यांची. वरातीत कुणी नवी चाल ऐकायला थांबत नाही. १९८० च्या दशकातल्या रॉक मशीनची अडचण हीच होती. तिथून सुटायला बसून ऐकणारा श्रोता लागतो, आणि तो महाविद्यालय देऊ शकते.

मग करता येण्याजोगे काय?

मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गही येतात. युवा महोत्सवात पाश्चात्त्य गायन, समूहगान, वाद्यवादन आणि लोकवाद्यवृंद असे प्रकार असतात. मात्र ही स्पर्धा वर्षातून एकदा, ठरलेल्या मिनिटांची. चमू निवडीपुरता जमतो आणि निकालानंतर पांगतो. बँड घडायला महिन्याला एक कार्यक्रम आणि आठवड्याला दोन तालमी लागतात.

त्यासाठी नवा कायदा लागत नाही. ध्वनिवर्धकाला लेखी परवानगी लागते हे खरे, पण बंदिस्त सभागृहात, आतल्या आत होणाऱ्या कार्यक्रमाला रात्रीच्या बंदीतून नियमांनीच सूट दिली आहे. शिवाय राज्य सरकारला वर्षातून १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंतची सवलत देता येते. सध्या ती मुख्यतः सण-उत्सवांसाठी वापरली जाते. महाविद्यालयाचे सभागृह वर्ग सुटल्यावर बहुधा कुलूपबंद असते. त्याची किल्ली आठवड्यातून दोन संध्याकाळी विद्यार्थ्यांकडे दिली, विजेचे बिल संस्थेने सोसले आणि बेंजो वाजवणाऱ्या मुलाला ‘हे आपल्या कॉलेजात चालत नाही’ असे सांगितले नाही, तर सुरुवातीला पुरेसे आहे. सेंट पॉलच्या तिघांकडेही १९७९ मध्ये याहून फार काही नव्हते.

गणपतीनंतर बेंजो पार्ट्यांची वाद्ये पुढच्या लग्नसराईपर्यंत घरी पडून असतात. महाविद्यालयाचे वर्ष मात्र तेव्हा निम्मेही झालेले नसते.