नभोवाणींतील खरखर व तिचें निवारण

समुद्रावर संकटांत सांपडलेलें जहाज १५६.८ मेगाहर्ट्झवर, म्हणजे सोळाव्या सागरी चॅनेलवर, मदतीची हांक घालतें. ती हांक किनाऱ्यास पोंचते ती एकटी नव्हे. खरखर, गुणगुण व कडकडाट यांचा जमाव तिच्यासवें येतो. अशा वेळीं 'साठ' हा आंकडा 'आठ' असा ऐकूं आला, तर शोधास निघालेली नौका भलतीकडे जाईल. म्हणून अनेक लहरी एकामागून एक धुंडाळणाऱ्या स्कॅनर नामक यंत्रांतून शब्द स्वच्छ कसा ऐकावा, हा केवळ हौसेचा प्रश्न नाहीं.

औषध देण्यापूर्वीं वैद्य रोग ओळखतो. येथेंही तोच क्रम. गोंगाट मुख्यतः चार जातींचा असतो. पहिली जात अखंड सळसळीची. तारेंतील विद्युत्कण उष्णतेनें सतत हालत असतात, त्यांतून ती उपजते. जॉन्सन व नायक्विस्ट यांनीं १९२८ मध्यें तिचा नियम मांडला. दुसरी घरगुती विजेची गुणगुण. आपल्याकडील विजेचीं सेकंदास ५० आवर्तनें होतात, म्हणून ही गुणगुण ५० वा १०० कंपनांची असते. तिसरी जात आकाशांतील विजेच्या व यंत्रांतील ठिणगीच्या कडकडाटाची. चौथी, परक्या लहरीशीं टक्कर होऊन उठणाऱ्या एकसुरी शिटीची.

आतां उपाय पाहूं. लहरीवर कोणी बोलत नसतां यंत्र नुसतें सळसळतें. त्यासाठीं 'स्क्वेल्च' नांवाचा दरवान नेमलेला असतो. एफ. एम. पद्धतींत तो बहुधा बोलण्याच्या पट्टीहून उंच असलेली सळसळ मोजतो. लहर येतांच सळसळ दबते व दार उघडतें. दार फार घट्ट लाविल्यास दुबळी हांक बाहेरच राहते. यास्तव सळसळ नुकती थांबेल इतकीच कळ फिरवावी.

गुणगुणीस ३०० कंपनांखालील भाग तोडणारा गाळक पुरतो. शिटीस अरुंद खांच पाडणारा गाळक लावितात. कडकडाट क्षणिक असल्यानें तेवढ्या क्षणापुरता ध्वनि बंद करणारी योजना कामास येते. सळसळ मात्र शब्दांतच मिसळलेली. शांत क्षणीं तिचा अंदाज घेऊन संगणकानें ती वजा करण्याची रीत स्टीव्हन बोल यांनीं १९७९ मध्यें मांडली. पण वजाबाकी अति झाली, तर घुंगरांसारखा नवाच नाद उपजतो.

कारण गाळक ही चाळणी आहे. तिला भाषा कळत नाहीं. 'स' या वर्णाचा बहुतेक जोर ३,००० कंपनांच्या वर असतो. तेथें कात्री लाविली कीं सळसळ घटते, आणि 'साठ'मधील 'स'ही क्षीण होतो. म्हणूनच आंकड्याचा एकेक अंक सुटा उच्चारण्याची शिस्त सागरी व वैमानिक संभाषणांत पाळली जाते.

सर्वांत स्वस्त उपाय गोंगाट उगमाशींच अडविण्याचा. एल. ई. डी. दिवे, मोबाइलचे चार्जर एकेक बंद करून पाहावे, दोषी सांपडतो. एरियल घराबाहेर, उंच व विजेच्या तारांपासून दूर बांधावी. जो गोंगाट आंत शिरलाच नाहीं, तो गाळण्याचे श्रम नाहींत, आणि त्यापायीं एकही अक्षर गमवावें लागत नाहीं.