गाळामालक म्हणतो ‘पंधरा दिवसांत रिकामं कर’. भाडेकरू व्यापाऱ्याने आधी काय पाहायचं?

बेळगाव : गणपत गल्ली, खडेबाजार, शहापूर, टिळकवाडी, कुठल्याही बाजारात चक्कर मारा, निम्म्याहून जास्त लहान दुकानदार दुसऱ्याच्या गाळ्यात बसलेले दिसतील. कुणाचा करार अकरा महिन्यांचा, कुणाचा दहा वर्षांपूर्वी संपलेला, तर कुणाचा फक्त तोंडी. मूळ मालक असेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. मालक वारला, वाटण्या झाल्या किंवा जागा विकली गेली, की नवीन माणूस येतो आणि म्हणतो, भाडं तिप्पट कर, नाहीतर रिकामं कर.

अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, ‘घाबरू नको, भाडेकरूला कुणी काढू शकत नाही.’ दुसरा म्हणतो, ‘मालक तो मालक, उद्या कुलूप घालेल.’ कायद्याच्या हिशेबाने दोन्ही चूक. खरं चित्र यांच्या मधोमध आहे. ते वेळेत समजलं तर निदान अनामत आणि दिवाळीचा सीझन तरी वाचतो.

जुना समज कुठून आला?

1956 पूर्वी बेळगाव मुंबई राज्यात होतं आणि इथे 1947 चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा लागू होता. राज्य पुनर्रचनेनंतर त्याची जागा 1961 च्या भाडे नियंत्रण कायद्याने घेतली. या दोन्ही कायद्यांत भाडेकरूला भक्कम संरक्षण होतं. आपल्या वडिलांच्या, आजोबांच्या पिढीने तेच पाहिलं आणि ‘भाडेकरू हलत नाही’ हे बाजारात पक्कं बसलं.

पण 31 डिसेंबर 2001 पासून कर्नाटकात नवा भाडे कायदा आला. नावात 1999 असलं तरी अंमल तेव्हापासूनचा. या कायद्याने व्यापारी गाळ्यांपैकी फार मोठा हिस्सा संरक्षणातून बाहेर काढला. पंचवीस वर्षं होत आली तरी ही गोष्ट बऱ्याच दुकानदारांना ठाऊक नाही.

पहिला प्रश्न : गाळा केवढा?

व्यापारासाठी दिलेल्या जागेचं जोते क्षेत्रफळ 14 चौरस मीटरपेक्षा जास्त असेल, तर कर्नाटक भाडे कायदा तिला लागूच होत नाही. 14 चौरस मीटर म्हणजे साधारण 150 चौरस फूट. दहा बाय पंधराचा गाळा अगदी काठावर येतो. त्यात जोते क्षेत्रफळात भिंतींची जागाही धरतात. त्यामुळे आतून टेप लावून 140 चौरस फूट भरलं म्हणून निश्चिंत राहू नये.

गाळा लहान असला तरी भाड्याची अट आहेच. कायद्याच्या पद्धतीने ठरणारं मासिक भाडं परिशिष्टातल्या ठराविक भागांत 3,500 रुपये आणि इतरत्र 2,000 रुपये यापेक्षा जास्त असेल, तरी संरक्षण नाही. हा आकडा म्हणजे आज आपण देतो ते भाडं असं सरळ समीकरण नसतं. म्हणून लहान गाळेवाल्याने ही आकडेमोड वकिलाकडूनच करून घ्यावी.

या चाळणीतून जो गाळा आत राहिला, त्याला चांगलं संरक्षण आहे. मालकाला ठराविक कारण दाखवावं लागतं. थकीत भाडं मागणीची नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत न भरणं, लेखी संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवणं, मालकाला स्वतःला जागेची खरोखर गरज असणं अशी ती कारणं आहेत. कारण नाही, तर आदेश नाही.

महापालिकेच्या गाळ्यांचा मार्ग वेगळा. सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या मालमत्तेला भाडे कायदा लागू नाही. तिथे 1974 चा राज्याचा सार्वजनिक जागांचा कायदा येतो, तर कॅम्पातल्या कॅन्टोन्मेंटच्या जागांना 1971 चा केंद्राचा.

मोठा गाळा असेल तर?

मग 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा लागतो. वाचकांनी नीट समजून घ्यावी ती बाब हीच. या कायद्यात मालकाला कारण द्यावं लागत नाही. मुदत ठरलेली नसेल तर भाडेपट्टा महिन्या-महिन्याचा धरला जातो आणि 15 दिवसांच्या नोटिशीने तो संपवता येतो. करारात एक किंवा तीन महिन्यांची नोटीस लिहिली असेल तर ती पाळावी लागते.

नोटीस लेखी हवी, सहीची हवी, आणि टपालाने किंवा हातोहात दिलेली हवी. दुकानात येऊन चार माणसांत आरडाओरडा करणं ही नोटीस नव्हे. दिवस मोजायचे ते नोटीस हातात पडल्यापासून. पूर्वी नोटिशीत तारखेची चूक निघाली की दावा फेटाळला जायचा आणि मालकाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची. 2002 अखेरच्या दुरुस्तीनंतर नुसत्या कमी दिवसांच्या चुकीवर सुटका होत नाही, दावा पुरेसे दिवस उलटल्यावर लावलेला असला म्हणजे झालं. रजिस्टर पोस्ट परत पाठवणं हाही शहाणपणा नाही. योग्य पत्त्यावर पाठवलेलं पत्र पोचलं असंच कोर्ट गृहीत धरतं.

उद्यमबागेतल्या कारखानदारांसाठी एक फरक आहे. उत्पादनासाठी घेतलेल्या जागेला कायद्यात सहा महिन्यांची नोटीस सांगितली आहे. मात्र नोंदणीकृत करार नसेल तर हा दावा कोर्टात लंगडा पडतो.

नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे

बाजारातला सगळ्यात मोठा घोटाळा इथे होतो. पाच वर्षांचा करार स्टॅम्प पेपरवर टाइप केला, नोटरीचा शिक्का मारला आणि फाइलला लावला. पण एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा उपनिबंधक कार्यालयात नोंदवावाच लागतो. नोंदणी नसेल तर त्या करारातली पाच वर्षांची मुदत कोर्टात टिकत नाही. ताबा आणि भाडं यावरून नातं फक्त महिन्या-महिन्याचं ठरतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच सांगितलंय. म्हणजे पाच वर्षांच्या भरवशावर फर्निचरला चार लाख घातले, आणि हातात प्रत्यक्षात पंधरा दिवस.

अकरा महिन्यांचा करार लोकप्रिय आहे तो नोंदणी टाळता येते म्हणूनच. त्यात बचत होते ती शुल्काची. जोखीम मात्र भाडेकरूच्या डोक्यावर राहते. ज्याला दुकानात मोठा खर्च करायचा आहे त्याने नोंदणीचा खर्च अर्धा-अर्धा वाटून का होईना, पण नोंदणी करावी.

मुदत संपल्यावरही मालकाने भाडं घेत राहून संमती दाखवली असेल, तर भाडेपट्टा महिन्या-महिन्याने पुढे चालू धरला जातो. त्यामुळे ‘तुझा करार कधीच संपलाय, आजच निघ’ असं म्हणता येत नाही. जागा विकली गेली तरी नवा मालक जुन्याच्या जागी उभा राहतो, भाडेकरूचे हक्क विक्रीने पुसले जात नाहीत. विक्रीची माहिती मिळण्यापूर्वी जुन्या मालकाला दिलेलं भाडं नव्याला पुन्हा द्यावं लागत नाही. पण त्याचा पुरावा हवा.

कुलूप घालणं बेकायदाच

नोटिशीची मुदत संपली तरी मालकाला स्वतःच्या हाताने कुलूप बदलता येत नाही. त्याला दावा लावून हुकूमनामा घ्यावाच लागतो. ताबा कायद्याच्या मार्गानेच काढता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलेलं आहे.

तरीही एखाद्या सकाळी शटरवर परकं कुलूप दिसलंच तर काय करायचं?

पहिली गोष्ट, कुलूप तोडायला जाऊ नका. मारामारी झाली की उलटी तक्रार तयार असते. फोटो-व्हिडिओ काढा, शेजारच्या दोघा दुकानदारांना साक्षीला ठेवा आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्या. ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असं उत्तर मिळण्याची शक्यता मोठी. पण धमकी, बळजबरीने घुसणं, माल हलवणं हे भारतीय न्याय संहितेखालचे गुन्हे ठरू शकतात. तक्रारीत तसं स्पष्ट लिहा.

दुसरी गोष्ट, विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 6 खाली ताबा परत मागता येतो. त्यात मालकी कुणाची हा प्रश्नच येत नाही. ताबा होता आणि कायदेशीर मार्गाशिवाय तो काढला, एवढं सिद्ध करायचं. मात्र मुदत सहा महिन्यांची आहे. ‘बघू, बोलून मिटेल’ म्हणत सातवा महिना उजाडला, की हा मार्ग बंद.

कुलूप पडायच्या आधीच कुणकुण लागली असेल तर दिवाणी न्यायालयात मनाई हुकमासाठी अर्ज करता येतो. मालकच कोर्टात जाणार अशी शंका असेल तर कॅव्हेट दाखल करावं. ते 90 दिवस चालतं आणि तोवर आपल्याला न ऐकता एकतर्फी आदेश निघण्याचा धोका टळतो.

वीज तोडणं हा दुसरा नेहमीचा डाव. मीटर मालकाच्या नावावर, त्यामुळे दुकानदार हतबल होतो. पण 2003 च्या वीज कायद्यात जोडणी मागण्याचा हक्क मालकाबरोबर जागेचा ताबा असणाऱ्यालाही आहे. मालक ना-हरकत देत नाही एवढ्यावरून भाडेकरूची वीज नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटलंय. करार, भाड्याच्या पावत्या आणि व्यवसाय परवाना जोडून हेस्कॉमकडे लेखी अर्ज द्यावा.

भाडं थांबवू नका

वाद झाला की पहिली प्रतिक्रिया असते, ‘अनामत आहे ना त्याच्याकडे, त्यातनं वळतं करून घे म्हणावं.’ असं करू नका. करारात तशी सोय नसेल तर तुम्ही थकबाकीदार ठरता आणि बाजू दुबळी होते. मालक रोख घेत नसेल तर त्याच्या बँक खात्यावर पाठवा. खातंही देत नसेल तर भाडं देऊ केल्याचं पत्र रजिस्टरने पाठवा आणि रक्कम बाजूला ठेवा. थकबाकीच्या कारणावरून करार रद्द केला असेल, तर सुनावणीवेळी थकबाकी, व्याज आणि खर्च भरून तो वाचवण्याची मुभा कोर्ट देऊ शकतं. पण ती खिशात पैसे असतील तरच उपयोगाची.

आणखी एक हिशेब बघा. नोटिशीची मुदत संपल्यानंतर जागेत राहिल्याबद्दल मालक नुकसानभरपाई मागू शकतो, तीही बाजारभावाने. अपिलात स्थगिती देताना बाजारभावाइतकी रक्कम भरण्याची अट घालता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये स्पष्ट केलं. आज आठ हजार भाडं आणि बाजारभाव वीस हजार असेल, तर दोन वर्षं केस लांबवल्यावर वरच्या बारा हजारांच्या फरकाचेच 2,88,000 रुपये होतात. वकिलाची फी वेगळी. ‘केस पडू दे दहा वर्षं’ म्हणणाऱ्याने हा आकडा आधी कागदावर मांडावा.

जीएसटीचाही वाद निघतो. मालक नोंदणीकृत असेल तर दुकानभाड्यावर 18 टक्के कर तो बिलात लावतो. मालक नोंदणीकृत नाही आणि दुकानदार नोंदणीकृत आहे, अशा वेळी 10 ऑक्टोबर 2024 पासून हा कर दुकानदाराने स्वतः भरायचा आहे. कंपोझिशन योजनेतल्या दुकानदारांना 16 जानेवारी 2025 पासून यातून वगळलंय. नोंदणी नसलेला मालक भाड्यावर ‘जीएसटी’ म्हणून जादा पैसे मागत असेल तर ते देऊ नका.

कन्नड कागद आणि सही

सीमाभागातल्या आपल्या माणसाची अडचण इथे आणखी वाढते. वकिलाची नोटीस इंग्रजीत, समन्स कन्नडमध्ये, आणि दुकानदाराला वाचता येतं मराठी. मग कागद गल्ल्याखाली पडून राहतो, तारीख चुकते आणि एकतर्फी निकाल लागतो. न समजलेला कागद आला की त्याच दिवशी वाचून घ्यावा. ‘फक्त पोच म्हणून सही कर’ म्हणत मालकाने पुढे केलेला कागद तर वाचून घेतल्याशिवाय सही करूच नये. त्यात ‘अमुक तारखेला राजीखुशीने जागा सोडतो’ असं वाक्य असू शकतं.

चंदगड, गडहिंग्लजकडच्या नातेवाइकांचा सल्लाही जपून घ्यावा. महाराष्ट्राचा भाडे नियंत्रण कायदा वेगळा आहे. तिथे करार लेखी आणि नोंदणीकृत करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे, आणि लहान दुकानदाराला तिथलं संरक्षण इथल्यापेक्षा बरंच जास्त आहे. गोव्यातही 1968 पासून स्वतंत्र कायदा आहे. तिकडे जमलं म्हणून इकडे जमेल असं नाही.

मग लढायचं की सोडायचं?

स्पष्ट सांगायचं तर 150 चौरस फुटांपेक्षा मोठा गाळा, नोंदणीकृत करार नाही आणि नोटीस नीट आलेली, अशी परिस्थिती असेल तर जागा कायमची राखता येणं अवघड आहे. पण मालकालाही कोर्टाची वर्षं, खर्च आणि बंद पडलेलं भाडं नको असतं. भाडेकरूची ताकद आहे ती इथेच. वाटाघाटीत मागायचं ते हे : सहा महिने ते वर्षभराची मुदत, एखादा सीझन मिळेल अशी निघायची तारीख, अनामत चावी देण्याच्या दिवशीच परत, आणि आपण बसवलेलं फर्निचर, रॅक, शटर न्यायची मोकळीक. बसवलेल्या वस्तू ताबा असेपर्यंत काढून नेण्याचा हक्क कायद्यानेही दिलेला आहे, जागा घेतली तशी परत करायची एवढीच अट.

जे ठरेल ते लेखी करा. दावा चालू असेल तर लोक अदालतीत तडजोड नोंदवता येते. तो निवाडा हुकूमनाम्यासारखा पाळावा लागतो, त्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फीही परत मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे.

आजच फाइलला लावायचे कागद : करार (जुने संपलेलेसुद्धा), भाड्याच्या पावत्या किंवा बँकेच्या नोंदी, अनामत दिल्याचा पुरावा, व्यवसाय परवाना, वीज बिलं, जीएसटीचा दाखला, मालकाशी झालेले मेसेज, आणि गाळ्याचं मोजमाप. अनामत रोखीने दिली असेल आणि पावती नसेल, तर संबंध गोड आहेत तोवरच ती लिहून घ्या. वाद सुरू झाल्यावर ती सही मिळत नाही.