हूड स्कूप

हूड स्कूप म्हणजे मोटारगाडीच्या इंजिनावरील झाकणावर असलेला आणि एका बाजूने उघडा असलेला पोकळ उंचवटा होय. या झाकणाला अमेरिकेत हूड, तर भारतात व ब्रिटनमध्ये बॉनेट म्हणतात. त्यामुळे बॉनेट स्कूप हे नावही प्रचलित आहे. बाहेरची थंड हवा इंजिनापर्यंत पोहोचवणे, बॉनेटखाली न मावणाऱ्या भागांना जागा करून देणे आणि शोभा वाढवणे ही स्कूपची तीन प्रमुख प्रयोजने आहेत. १९६० च्या दशकातील शक्तिशाली अमेरिकन गाड्यांमुळे त्याला विशेष प्रसिद्धी मिळाली. मूळ कारखान्याऐवजी इतर उत्पादकांनी तयार केलेले फायबरग्लासचे स्कूप जुन्या अभिजात गाड्यांवर आजही बसवले जातात. अशा स्कूपची उपयुक्तता बाह्य आकारापेक्षा त्याच्या तोंडाची जागा व आतील हवामार्गाचा बंदिस्तपणा यांवर अधिक अवलंबून असते.

कार्यतत्त्व

इंजिनाला मिळणारी हवा जितकी थंड, तितकी ती घन असते आणि तेवढ्याच आकारमानात अधिक प्राणवायू सिलिंडरमध्ये जातो. दाब समान असताना हवेची घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. त्यामुळे बॉनेटखालील ६०° सेल्सिअस तापमानाच्या हवेपेक्षा बाहेरची ३०° सेल्सिअसची हवा सुमारे १० टक्के अधिक घन असते. स्कूपचा मुख्य लाभ हाच आहे.

गाडीच्या वेगामुळे हवा स्कूपमध्ये दाबली जाऊन इंजिनाची शक्ती पुष्कळ वाढते, असा एक समज आहे. प्रत्यक्षात ताशी १०० कि.मी. वेगाला मिळणारा हा गतिजन्य दाब सुमारे ४६० पास्कल, म्हणजे वातावरणीय दाबाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतो. वेग दुप्पट झाल्यावर हा दाब चौपट होतो; तरीही ताशी २०० कि.मी. वेगाला तो दोन टक्क्यांच्या आतच राहतो. रस्त्यावरील सामान्य वेगाला हा परिणाम नगण्य ठरतो.

बॉनेटच्या पृष्ठभागालगत हवेचा एक मंद थर असतो. तोंड फार बुटके असल्यास स्कूपमध्ये हीच मंद हवा शिरते. याउलट पुढील काचेच्या पायथ्याशी हवा अडून तेथे दाब वाढतो. या कारणाने काही स्कूपचे तोंड मागे, काचेच्या दिशेने ठेवलेले असते.

प्रकार

* पुढे तोंड असलेला स्कूप : समोरून येणारी हवा थेट घेतो. हा सर्वाधिक आढळणारा प्रकार आहे.
* मागे तोंड असलेला स्कूप : काचेच्या पायथ्याशी असलेल्या उच्चदाब क्षेत्रातून हवा घेतो. शेव्हरोले कॅमारोच्या १९६९ च्या नमुन्यात अशी रचना असलेले बॉनेट उपलब्ध होते.
* शेकर स्कूप : हा बॉनेटला नव्हे, तर थेट इंजिनाला जोडलेला असतो आणि बॉनेटमधील छिद्रातून वर येतो. इंजिनासोबत तो थरथरतो, म्हणून हे नाव पडले. फोर्ड मस्टँग (१९६९) व प्लिमथ बॅराकुडा (१९७०) या गाड्यांमध्ये तो आढळतो.
* इंटरकूलरसाठीचा स्कूप : टर्बोचार्जरमधून आलेली तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरवर वारा सोडतो. सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स आणि भारतीय रस्त्यांवर परिचित असलेली पहिल्या पिढीची डिझेल टोयोटा फॉर्च्युनर ही याची उदाहरणे होत.
* शोभेचा स्कूप : याचे तोंड बंद असते किंवा त्याखालील बॉनेट अखंड असते.

इतिहास

१९६४ च्या फोर्ड फेअरलेन थंडरबोल्ट या शर्यतीच्या गाडीत मोठे इंजिन मावावे म्हणून फायबरग्लासच्या बॉनेटला फुगवटा दिलेला होता. इंजिनाला लागणारी हवा मात्र आतल्या बाजूच्या हेडलाइटच्या जागेतून नळ्यांद्वारे घेतली जाई. पॉन्टिॲक जीटीओच्या १९६५ च्या नमुन्यातील स्कूप मूळचा शोभेचा होता. तो खुला करणारा जोडसंच विक्रेत्यांकडून मिळू लागला. त्यात कार्ब्युरेटरभोवती बसणारे पत्र्याचे तबक आणि बॉनेटला टेकणारे फोमचे कडे असे. शोभेचा स्कूप कार्यक्षम करण्यासाठी बंदिस्त हवामार्ग आवश्यक असतो, हे या रचनेतून स्पष्ट होते.

१९६९ मध्ये प्लिमथ रोड रनर व डॉज सुपर बी यांच्या एका आवृत्तीला मोठा स्कूप असलेले फायबरग्लासचे बॉनेट देण्यात आले. त्याला बिजागऱ्या नव्हत्या. ते चार पिनांनी बसवलेले असे आणि पूर्ण उचलून बाजूला ठेवावे लागे. ड्रॅग शर्यतींच्या प्रो स्टॉक गटात उंच स्कूप ही गाड्यांची ओळखच बनली होती. २०१६ मध्ये या गटात इंधन अंतःक्षेपण प्रणाली बंधनकारक झाली आणि स्कूप हद्दपार झाले.

फायबरग्लासची निवड

काचतंतूंचे थर पॉलिएस्टर किंवा इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवून साच्यात घट्ट केले की फायबरग्लास तयार होते. पत्र्याला आकार देण्यासाठी महागडे ठसे व दाबयंत्रे लागतात. फायबरग्लासचा साचा मात्र छोट्या कार्यशाळेतही करता येतो. हे साहित्य हलके असते व गंजत नाही. म्हणूनच थोड्या संख्येने विकल्या जाणाऱ्या सुट्या भागांसाठी ते सोयीचे ठरले. १९५३ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटची संपूर्ण बाह्य काया याच साहित्याची होती.

मर्यादा मात्र दोन आहेत. पॉलिएस्टर रेझिन घट्ट होताना आकसते, त्यामुळे साच्यातून निघालेल्या स्कूपच्या कडा बॉनेटच्या वक्रतेशी तंतोतंत जुळतातच असे नाही. दुसरे म्हणजे, तापल्यावर सामान्य फायबरग्लास पोलादाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. ६०० मि.मी. लांबीच्या स्कूपचे तापमान ५०° सेल्सिअसने वाढल्यास त्याच्या व पत्र्याच्या प्रसरणात सुमारे एक तृतीयांश मि.मी. फरक पडतो. हा फरक लहान वाटला, तरी सांध्यावरील रंगाला तडा जाण्यास तो पुरेसा असतो.

बसवण्याची पद्धत

पूर्वतपासणी. प्रथम स्कूप बॉनेटवर नुसता ठेवून पाहतात. कडा व पत्रा यांमधील फट आणि गाडीच्या मध्यरेषेशी असलेली समांतरता तपासली जाते. चालकाच्या आसनावरून पुढचा रस्ता अडत नाही ना, हेही याच वेळी पाहावे लागते. एअर क्लीनरच्या झाकणावर मऊ मातीचे गोळे ठेवून बॉनेट बंद केल्यास चपट्या झालेल्या गोळ्यांच्या जाडीवरून उपलब्ध जागा कळते. इंजिन रबरी आधारांवर हलत असल्याने सुमारे २५ मि.मी. जागा मोकळी ठेवण्याचा प्रघात आहे.

कापणी. बॉनेटच्या खालच्या बाजूस पत्र्याचा सांगाडा असतो आणि बॉनेटचा ताठरपणा त्यावरच अवलंबून असतो. म्हणून छिद्राची आखणी वरून न करता खालून, सांगाडा टाळून करतात. स्कूपच्या बाह्यरेषेपेक्षा छिद्र बरेच आत ठेवले जाते, जेणेकरून जोडणीसाठी पत्र्याची पुरेशी पट्टी उरते. छिद्राचे कोपरे गोलाकार ठेवतात, कारण टोकदार कोपऱ्यापाशी ताण एकवटून पत्रा फाटू लागतो. कापलेली कड कानशीने घासून तिला गंजरोधक प्रायमर लावला जातो.

जोडणी. स्कूप बोल्टने, रिव्हेटने किंवा चिकटद्रव्याने बसवता येतो. बोल्टची जोडणी पुन्हा काढता येते आणि सांध्यात पातळ रबरी पट्टी ठेवल्यास प्रसरणाला वाव मिळतो. सांधा मात्र दिसत राहतो. सांधा लपवायचा असल्यास दोन घटकांचे इपॉक्सी चिकटद्रव्य वापरतात. पॉलिएस्टर रेझिन पोलादाला नीट धरत नाही, त्यामुळे ते या कामासाठी योग्य नसते. चिकटवण्यापूर्वी फायबरग्लासवर राहिलेले साच्याचे मेण द्रावकाने पुसून घेतात आणि त्यानंतरच पृष्ठभाग घासतात. हा क्रम उलटल्यास मेण ओरखड्यांमध्ये दाबले जाऊन पकड कमी होते. पत्र्यावरील रंगही सांध्याच्या जागी पूर्णपणे काढला जातो.

रंगकाम. सांध्यावर प्रथम काचतंतूमिश्रित पुट्टी व नंतर बारीक पुट्टीचा पातळ थर देतात. रंग देण्यापूर्वी बॉनेट काही दिवस उन्हात ठेवल्यास रेझिनचे उरलेले आकुंचन आधीच होऊन जाते. घाईने रंगवलेल्या बॉनेटवर काही महिन्यांनी सांध्याची रेषा उमटते.

हवामार्ग. स्कूप आणि एअर क्लीनर यांमध्ये फोम किंवा रबराचे लवचीक कडे नसल्यास आत आलेली हवा बॉनेटखालील गरम हवेत मिसळते आणि मूळ हेतू साध्य होत नाही. हवेची गाळणी कायम ठेवणे व पावसाच्या पाण्याला निचऱ्याची वाट देणे आवश्यक असते. थंड हवेमुळे कार्ब्युरेटरचे मिश्रण किंचित विरळ होते, म्हणून इंधनाच्या जेटचीही तपासणी करतात.

धोके

फायबरग्लास घासताना उडणारी धूळ त्वचा, डोळे व श्वसनमार्गास त्रासदायक असते, तर पॉलिएस्टर रेझिनमधून स्टायरीनची बाष्पे निघतात. त्यामुळे योग्य मास्क, चष्मा, हातमोजे व खेळती हवा आवश्यक असते. सांगाडा कापला गेल्यास किंवा खटका कमकुवत झाल्यास धावत्या गाडीचे बॉनेट उघडून काचेवर आदळू शकते. संपूर्ण बॉनेटच फायबरग्लासचे असल्यास मूळ खटक्याबरोबर सुरक्षा पिना बसवण्यामागे हेच कारण आहे.

मूळ स्वरूपाचे जतन

बॉनेट कापण्याची क्रिया सहजासहजी उलटवता येत नाही. छिद्र पुन्हा पत्र्याने बुजवता येते. परंतु वेल्डिंगच्या उष्णतेने बॉनेटचा सपाट पत्रा वाकडा होतो. जुन्या गाडीचे मूल्य बहुधा तिच्या मूळ भागांवर ठरत असल्याने अनेक मालक मूळ बॉनेट तसेच जपून ठेवतात आणि दुसऱ्या, जुन्या बाजारातून घेतलेल्या बॉनेटवर स्कूप बसवतात.

भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असे बदल वाहनात करण्यावर निर्बंध आहेत. २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीसाठी नियम केले. त्यानुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जतन केलेली आणि मोठे फेरबदल न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने या वर्गात मोडतात. त्यामुळे अशा गाडीच्या बाह्य कायेत बदल करताना या अटीचाही विचार करावा लागतो.