फ्रिजला आधी वारा द्या

मंडळी, मे महिन्यात आपल्या जळगाव-धुळ्यात पारा ४५ अंशांकडे गेला की घरोघरी एकच तक्रार: फ्रिज गार करत नाही. आता बघा, फ्रिज थंडी तयार करत नाही. आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. जाळीवर धूळ, मागे चिकटून भिंत, मग ती जाणार कुठे? म्हणून आधी प्लग काढा, जाळी मऊ ब्रशने झाडा, भिंतीपासून वीतभर जागा सोडा. दारात कागद धरून ओढा. सहज निसटला तर रबर साबणाच्या पाण्याने पुसा. बर्फ मात्र सुरीने खरवडू नका. नळीला भोक पडलं तर गॅस जातो, आणि बऱ्याच नव्या फ्रिजमधला आयसोब्युटेन पेट घेतो. गॅसचं काम मेकॅनिकचंच.