विखुरलेले संशोधन आणि त्रिरश्मी लेणी

पालि तिपिटकाच्या अभ्यासकास एक अनुभव हमखास येतो. प्रतीत्यसमुत्पादावरील अनेक सुत्ते संयुत्तनिकायाच्या निदानसंयुत्तात एकत्र आढळतात. परंतु तेथेच थांबले, तर दीघनिकायातील महानिदानसुत्त आणि मज्झिमनिकायातील महातण्हासंखयसुत्त नजरेतून सुटतात. विषयाचा मोठा भाग एका ठिकाणी असतो व उरलेला दूरवर विखुरलेला असतो. आधुनिक संशोधनपर लेखांचेही असेच आहे. या विखुरण्यालाही एक नियम आहे. त्याची ओळख करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लंडनच्या सायन्स म्युझियमचे ग्रंथपाल सॅम्युएल ब्रॅडफर्ड यांनी १९३४ साली हा नियम मांडला. उपयोजित भूभौतिकी या विषयावरील १,३३२ लेख ३२६ नियतकालिकांत विखुरलेले त्यांना आढळले. लेखसंख्येच्या उतरत्या क्रमाने नियतकालिके मांडून त्यांनी तीन गट केले. पहिल्या गटातील केवळ ९ नियतकालिकांत ४२९ लेख होते. दुसऱ्या गटातील ५९ नियतकालिकांत ४९९. आणि तिसऱ्या गटातील २५८ नियतकालिकांत ४०४. प्रत्येक गटातील लेख साधारण सारखे. मात्र ते मिळविण्यासाठी चाळावी लागणारी नियतकालिके गटागटाला सुमारे पाचपटीने वाढत जातात. पहिल्या गटास विषयाचा ‘गाभा’ म्हणतात. वंगणाच्या विषयावरही त्यांना असाच क्रम दिसला : ८, २९ आणि १२७.

असे का व्हावे? ब्रॅडफर्ड यांच्या मते ज्ञानाच्या सर्व शाखा कमीअधिक प्रमाणात एकमेकींशी जोडलेल्या आहेत. म्हणून एका विषयावरील लेख दुसऱ्याच विषयाच्या नियतकालिकात अवतरतो. हे समजण्यास नाशिककरांनी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या त्रिरश्मी लेण्यांतील, म्हणजे पांडवलेण्यांतील, १० क्रमांकाचे लेणे पाहावे. नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवल्याचे तेथे कोरलेले आहे. त्यांपैकी २,००० दरमहा शेकडा एक आणि १,००० दरमहा शेकडा पाऊण टक्का व्याजाने होते. हा एकच शिलालेख प्राकृत भाषेच्या अभ्यासकाला हवा, संघाच्या इतिहासकाराला हवा, आणि प्राचीन व्याजदर शोधणाऱ्या अर्थशास्त्रज्ञालाही हवा. प्रत्येक जण आपापल्या नियतकालिकात लिहिणार. विखुरणे येथूनच सुरू होते.

या लेण्यांवरील मूलभूत लेखनाचा माग काढला की गाभा आणि विखुरलेला भाग दोन्ही दिसतात. एमिल सेनार यांनी केलेले शिलालेखांचे वाचन ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात (१९०५-०६) आहे. हे या विषयाच्या गाभ्याचे स्थान होय. परंतु रा. गो. भांडारकरांचा लेख १८७४ च्या लंडन येथील प्राच्यविद्या परिषदेच्या वृत्तांतात आहे, तर भगवानलाल इंद्रजींचे विवेचन १८८३ च्या सरकारी नाशिक गॅझेटियरमध्ये. १९०६ साली याच जिल्ह्यात जोगलटेंभी येथे नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. लेण्यातील शिलालेख नहपानाच्या वंशाचा उच्छेद झाल्याचे सांगतो, त्याला या नाण्यांनी भक्कम पुष्टी दिली. पण त्यांचे वर्णन मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आले. केवळ गाभा वाचणाऱ्याला हा पुरावा गवसला नसता.

यावरून एक सावधगिरी लक्षात घ्यावी. हा नियम लेखांची संख्या सांगतो, त्यांचे मोल सांगत नाही. शिवाय मोजणी होते ती सूचीत नोंदलेल्या लेखांचीच. शास्त्रीय लेखांपैकी फार मोठा भाग सूचीकारांच्या नजरेतून सुटतो, ही तक्रार खुद्द ब्रॅडफर्ड यांचीच होती. मग मराठीत, लहान गावांतून निघणाऱ्या आणि काही अंकांनंतर बंद पडणाऱ्या आपल्या नियतकालिकांची नोंद कोण घेणार?

बाबासाहेबांचे लेखनही असेच विखुरलेले होते. जातिसंस्थेवरील त्यांचा निबंध १९१७ साली ‘इंडियन अँटिक्वरी’त, लहान शेतजमिनींवरील निबंध १९१८ साली अर्थशास्त्राच्या नियतकालिकात, आणि बुद्ध व त्यांच्या धम्माच्या भवितव्यावरील लेख १९५० साली कलकत्त्याच्या ‘महाबोधि’त प्रसिद्ध झाला. १९७९ पासून महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली खंड काढण्यास आरंभ केला, तेव्हा कुठे हे साहित्य सामान्य वाचकाच्या हाती येऊ लागले. विखुरलेले आपोआप एकत्र येत नाही. ते कोणीतरी निष्ठेने गोळा करावे लागते.

विहाराच्या ग्रंथालयाजवळ पैसा थोडा असतो. अशा ग्रंथालयाने प्रथम गाभ्याची मोजकी नियतकालिके मिळवावीत, हा ब्रॅडफर्ड यांच्या नियमाचा व्यावहारिक बोध आहे. जुने अनेक खंड आता संगणकावर वाचता येतात. त्यांवर खर्च करण्याचे कारण नाही. उरलेले श्रम मात्र सूचीसाठी द्यावेत. कोणत्या अंकात, कोणत्या पृष्ठावर, कोणत्या विषयावर काय आले, याची नोंद प्रत्येक विहारात एका उपासकाने जरी ठेवली, तरी उद्याच्या अभ्यासकाची कित्येक वर्षे वाचतील. आपल्या लहान नियतकालिकांपासून हे काम आरंभावे, कारण ते आपल्यासाठी दुसरे कोणी करणार नाही.